सीसीआर२ रोधक तपासायचा आहे: ॲपोई उंदीर, ससा की डुक्कर?

नवी_रोहिणी

नमस्कार मंडळी. तोंडावाटे द्यायचा एक छोटा रेणू आहे. मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींवरचा सीसीआर२ रिसेप्टर (संदेश झेलणारं प्रथिन) तो अडवतो. मानवी पेशींवरच्या चाचण्या झाल्या आहेत. कोलेस्टेरॉल त्याने हलेल अशी अपेक्षा नाही. तपासायचं आहे ते हे की धमनीतलं प्लाक (भिंतीत साठलेला चरबीचा थर) त्याने कमी होतं का, आणि हाच रेणू स्टेंटवर लेपून दिला तर स्टेंट लावलेली जागा पुन्हा अरुंद होणं टळतं का.

कच्चा आराखडा असा आहे. ॲपोई नॉकआउट (ॲपोई जनुक काढून टाकलेले) नर उंदीर, सहा आठवड्यांचे, एका गटात ८. पहिल्या दिवसापासून वेस्टर्न डाएट (चरबी-कोलेस्टेरॉलचं जड खाणं) आणि त्यातच मिसळून औषध, १२ आठवडे. शेवटी महाधमनीच्या मुळाचे काप घेऊन ऑइल रेड ओ (चरबी लाल करणारा रंग), आणि लाल भाग किती टक्के ते मोजायचं. तुलनेसाठी एका गटाला ॲटोर्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन औषध). त्यानंतर १ टक्का कोलेस्टेरॉलवरचे ससे, आणि मग डुकरात लेपित स्टेंट, २८ दिवस.

यात कुठे फसेल? ॲपोई घ्यावा की एलडीएल रिसेप्टर (रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल उचलणारा) नॉकआउट? ८ पुरतील का? सविस्तर लिहिलंत तरी चालेल.

---

उंदीरघर

आधी औषधाचं बोलू, प्राण्याचं नंतर. माणसासाठी घडवलेले बरेच सीसीआर२ रोधक उंदराच्या रिसेप्टरला फारच सैल चिकटतात. मानवी पेशींवर काम झालं म्हणून उंदरात होईल असं धरून चालू नका. उंदराच्या अस्थिमज्जेतले मोनोसाइट काढून, सीसीएल२ च्या (सीसीआर२ ला चिकटून पेशींना बोलावणाऱ्या प्रथिनाच्या) दिशेने त्यांची धाव तुमच्या रेणूने थांबते का, एवढं एक आठवड्यात कळतं. नाहीच थांबली तर मानवी सीसीआर२ बसवलेले उंदीर वापरावे लागतील, आणि मग त्यांच्यात प्लाक कसं आणायचं हा वेगळा प्रश्न उभा राहतो. त्याचं उत्तर खाली आहे.

धाव थांबली तर पुढे प्रत्यक्ष उंदरात दोन खुणा बघा. सीसीआर२ नीट अडला की मोनोसाइट मज्जेतून बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रक्तातले एलवाय६सी ही खूण जास्त असलेले मोनोसाइट घटतात. आणि वापरलं न गेलेलं सीसीएल२ रक्तात साचतं. या दोन्ही खुणा दिसेपर्यंत १२ आठवड्यांचा प्रयोग सुरू करू नये. नाहीतर शेवटी 'परिणाम नाही' आलं की औषध चुकलं की मात्रा, हे कधीच कळत नाही. मात्रेमधल्या अंतराच्या शेवटी, म्हणजे पुढचा डोस देण्याच्या जरा आधी, रक्त घ्या. उंदीर बरीच औषधं माणसापेक्षा झपाट्याने बाहेर टाकतो. सकाळी दिलेलं संध्याकाळपर्यंत शून्यावर येत असेल तर दिवसातून एकदा देऊन उपयोग नाही.

आता आराखड्यातला सगळ्यात मोठा दोष: औषध पहिल्या दिवसापासून देणं. दवाखान्यात येणाऱ्या माणसाला प्लाक आधीच झालेलं असतं. त्यात तुमचा रेणू पेशींची भरती रोखणारा. सुरुवातीच्या प्लाकमध्ये मॅक्रोफेज (मोनोसाइटपासून बनणाऱ्या भक्षक पेशी) मुख्यतः रक्तातून येतात, पण मुरलेल्या प्लाकमध्ये ते बव्हंशी तिथल्या तिथेच विभागून वाढतात. उंदरातच २०१३ साली हे दाखवलं गेलं आहे. म्हणजे पहिल्या दिवसापासून दिलंत तर निकाल छान येईल, पण तो ज्या प्रश्नाचा असेल तो प्रश्न तुमचा नाही. सीसीआर२ नसलेल्या ॲपोई उंदरांत प्लाक कमी होतं हे १९९८ पासून माहीत आहे. तेच पुन्हा सिद्ध करायला नवा रेणू कशाला?

त्यापेक्षा असं करा. सगळ्यांना १२ आठवडे फक्त डाएट. मग वजन आणि कोलेस्टेरॉल पाहून समतोल गट पाडा. एक गट त्याच दिवशी थांबवा, म्हणजे मारून प्लाक मोजा, हा तुमचा आरंभबिंदू. उरलेल्यांपैकी निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषधाविना नुसतं वाहक द्रव्य, आणखी ८ आठवडे. आरंभबिंदूचा गट नसेल तर 'प्लाक घटलं' असं लिहिता येत नाही, फार तर 'वाढ मंदावली' म्हणता येतं.

ॲपोई की एलडीएल रिसेप्टर? ॲपोई उंदीर १९९२ साली तयार झाला, एलडीएल रिसेप्टरचा १९९३ साली. ॲपोई साध्या खाण्यावरही आजारी पडतो, कोलेस्टेरॉल ४०० ते ६०० मिग्रॅ प्रति डेसिलिटर, आणि वेस्टर्न डाएटवर हजाराच्या वर जातं. एलडीएल रिसेप्टरवाल्याचं साध्या खाण्यावर २००-३०० असतं आणि प्लाक जवळपास होतच नाही, त्याला डाएट लागतंच. बाकी ॲपोई हे प्रथिन केवळ चरबी वाहत नाही. मॅक्रोफेजही ते बनवतात आणि दाहावर त्याचा परिणाम होतो. दाहाचंच औषध तपासायचं तर हा गोंधळ नको, म्हणून माझं मत एलडीएल रिसेप्टर नॉकआउटकडे. पुढे मज्जारोपण करायची वेळ आली तरी तोच बरा. ॲपोई उंदरात निरोगी मज्जा घातली की तिच्यातले मॅक्रोफेज ॲपोई बनवू लागतात, कोलेस्टेरॉल धाडकन उतरतं आणि प्रयोग संपतो.

तिसरी वाट पीसीएसके९ ची, म्हणजे एलडीएल रिसेप्टर नष्ट करणाऱ्या प्रथिनाची. त्याचं अतिसक्रिय रूप एएव्ही८ या जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूतून शेपटीच्या शिरेत एकदाच टोचायचं, साधारण १×१०¹¹ जनुकप्रती दर उंदराला. यकृतातले एलडीएल रिसेप्टर नाहीसे होतात. कुठल्याही जनुकबदल केलेल्या उंदरात हे चालतं, संकर करत वर्ष घालवावं लागत नाही. मानवी सीसीआर२ चा उंदीर घ्यावा लागला तर हाच मार्ग. भानगड एवढीच की माद्यांमध्ये एएव्ही८ यकृतात कमी रुजतो, त्यांना मात्रा वाढवावी लागते. आणि कुपी पुन्हा पुन्हा गोठवून-वितळवून वापरली की जोर जातो. दोन-तीन आठवड्यांनी कोलेस्टेरॉल मोजा, न चढलेले उंदीर गट पाडण्याआधीच बाजूला काढा, नंतर नाही.

डाएट म्हणजे वजनाने २१ टक्के दुधाची चरबी आणि ०.२ टक्के कोलेस्टेरॉल. १.२५ टक्के कोलेस्टेरॉल आणि ०.५ टक्के कोलिक आम्लवालं जुनं डाएट घेऊ नका, कोलिक आम्लाने यकृतालाच सूज येते आणि दाहाचे सगळे आकडे बिघडतात.

औषध खाण्यात मिसळायचं असेल तर चव तपासा. कडू लागलं की उंदीर कमी खातो, कमी खाल्लं की कोलेस्टेरॉल कमी, प्लाक कमी, आणि औषधाच्या नावाने टाळ्या. दर आठवड्याला वजन आणि पिंजऱ्यामागे खाल्लेलं खाणं, दोन्ही नोंदवा.

स्टॅटिनचा गट काढून टाका. ॲपोई उंदरात स्टॅटिनने कोलेस्टेरॉल माणसासारखं उतरत नाही, कधी उलट चढलेलंही दिसतं. कोलेस्टेरॉलमार्गे प्लाक कमी होतं हे दाखवणारा तुलनागट हवाच असेल तर वेस्टर्न डाएटवरच्या ॲपोई उंदरात एझेटिमाइब (आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं रोखणारं औषध), रोज ५ मिग्रॅ प्रति किलोच्या आसपास. स्टॅटिनच तपासायचं असेल तर ॲपोई३-लायडेन (मानवी ॲपोईचं बदललेलं रूप) आणि सीईटीपी (चरबीच्या कणांमध्ये कोलेस्टेरॉलची अदलाबदल करणारं प्रथिन) दोन्ही असलेला उंदीर लागतो, त्याची चरबीवहनाची घडी माणसाच्या बरीच जवळची आहे. साध्या उंदरात सीईटीपी नसतंच.

---

काचपट्टी

वरचं सगळं नीट झालं तरी महाधमनीच्या मुळाचे काप वाकडे गेले की सगळं पाण्यात. म्हणून हे सावकाश वाचा.

उंदीर मारल्यावर उजव्या कर्णिकेला छेद द्या, डाव्या जवनिकेच्या टोकातून सुई घालून आधी १० मिली बफर आणि मग ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड सोडा. दाब सिरिंजने देऊ नका, हाताचा दाब दर वेळी वेगळा असतो. बाटली १३५ सेंटीमीटर उंचीवर टांगा, म्हणजे १०० मिमी पाऱ्याएवढा दाब आपोआप मिळतो. मग हृदय आडवं कापा: दोन्ही कर्णिकांची टोकं जिथे संपतात त्याच्या जरा खाली, त्या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेला समांतर. वरचा भाग ठेवा. ३० टक्के साखरेच्या द्रावणात रात्रभर, तुकडा तळाशी बसेपर्यंत. गोठवण्याच्या माध्यमात बुडवताना पोकळीत बुडबुडा राहतो, तो बारीक चिमट्याने हलवून काढलाच पाहिजे. नाहीतर नेमकी झडपेपाशी भेग पडते.

क्रायोस्टॅटवर १० मायक्रॉनचे काप, हृदयाकडून महाधमनीकडे. आधी नुसता स्नायू दिसेल, मग झडपेची एकेक पाकळी. तिन्ही पाकळ्या एकाच कापात पहिल्यांदा दिसतात ती जागा शून्य. एक-दोन पाकळ्या आल्या आणि तिसरीचा बराच वेळ पत्ता नाही, तर ठोकळा तिरका बसला आहे. तिथेच थांबा, ठोकळ्याची पकड एक-दोन अंश फिरवा, पुन्हा बघा. तिरकसपणाने क्षेत्रफळ किती फुगतं? २० अंशांना ६ टक्के, ३० अंशांना १५. हे एकवेळ चालेल, पण खरा घोटाळा वेगळा आहे. तिरक्या कापात एका पाकळीचं मूळ आणि दुसरीचा शेंडा एकत्र मोजला जातो, आणि प्लाक या दोन पातळ्यांवर सारखं नसतंच.

शून्यापासून आठ काचपट्ट्या मांडा. पहिला काप पहिल्या पट्टीवर, दुसरा दुसऱ्या, आठवा आठव्या, नववा पुन्हा पहिल्या. असं केलं की प्रत्येक पट्टीवर ८० मायक्रॉन अंतराचे काप येतात. एक पट्टी चरबीसाठी, एक मॅक्रोफेजसाठी, एक कोलॅजनसाठी, बाकी उणे ८० अंशांवर राखीव. पाकळ्या संपेपर्यंत जा.

ऑइल रेड ओ चं ०.५ टक्के मूळ द्रावण आयसोप्रोपॅनॉलमध्ये. वापरताना तीन भाग द्रावण, दोन भाग पाणी, दहा मिनिटं थांबून गाळायचं आणि लगेच वापरायचं. गाळलं नाही तर कापभर लाल सुया पडतात आणि संगणक त्यांनाही चरबी म्हणून मोजतो. काप ६० टक्के आयसोप्रोपॅनॉलमध्ये बुडवून १०-१५ मिनिटं रंगवा, पुन्हा ६० टक्क्यात धुवा, हिमॅटॉक्सिलिन अर्धा मिनिट, आणि पाण्यावर आधारलेल्या माध्यमात काच बसवा. अल्कोहोल-झायलीनच्या नेहमीच्या ओळीतून चुकून नेलंत तर चरबी विरघळून पट्टी कोरी.

'लाल भाग किती टक्के' हे मोजमाप सोडा. प्लाकमधला मृत गाभा पुष्कळदा रंगतच नाही, वरचं तंतूंचं झाकणही नाही. आतल्या लवचिक पटलापासून पोकळीच्या कडेपर्यंतचं सगळं प्लाक, चौरस मायक्रॉनमध्ये, प्रत्येक पातळीवर. त्याच्या पुढे मृत गाभा, मॅक्रोफेज आणि कोलॅजन वेगवेगळे. तुमच्या औषधाने आकार तोच राहून घटक बदलण्याचीच शक्यता जास्त, आणि ते निव्वळ लाल रंगात कधी दिसणार नाही. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा हे वेगळं सांगत नाही.

मुळाच्या जोडीला निदान एक दुसरी जागा घ्या, ब्रॅकिओसेफॅलिक धमनी (महाधमनीची पहिली मोठी शाखा) उत्तम. मुळातलं प्लाक लवकर येतं आणि लवकर तुडुंब होतं, २० आठवड्यांनी तिथे फरक दिसेनासा होऊ शकतो.

जाता जाता: स्नायुपेशी मोजायला केवळ ॲक्टिनच्या रंगावर विसंबू नका, प्लाकमध्ये गेल्यावर त्यांच्यातल्या पुष्कळ ती खूण टाकून देतात. स्नायुपेशींना कायमची वंशखूण लावणारे एमवायएच११-क्रे उंदीर घेणार असाल तर त्यांची सर्वाधिक वापरातली जुनी ओळ वाय गुणसूत्रावर आहे. म्हणजे प्रयोग नरांवरच होणार, माद्यांचं उत्तर त्यातून मिळणार नाही.

---

आकडेमोड

८ पुरणार नाहीत. मुळातल्या प्लाकचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरतात ते) सरासरीच्या ४० टक्के धरलं (एकाच वंशाच्या, एकाच वयाच्या उंदरांतही एवढं असतं) आणि ३० टक्के फरक पकडायचा असेल, तर ८० टक्के शक्ती (खरा फरक सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळीला (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) एका गटात साधारण २९ लागतात. ढोबळ सूत्र: १६ गुणिले (विचलन भागिले फरक) चा वर्ग. ८ उंदरांत तुम्हाला ६० टक्क्यांच्या आसपासचा फरकच पकडता येईल. एवढा फरक पाडणारं औषध मिळालं तर आनंदच आहे, पण त्यावर प्रयोग बेतू नये.

संख्या कमी करायची असेल तर विचलन कमी करा. एकाच आईची भावंडं दोन्ही गटांत वाटा. एकच पिंजरा म्हणजे एकच औषध असं करू नका, उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, आतड्यातले जंतू पिंजऱ्यागणिक वेगळे होतात आणि पिंजऱ्याचा फरक औषधाच्या खात्यावर जमा होतो. तोंडातून नळीने औषध दिलं तर एका पिंजऱ्यात दोन्ही गट ठेवता येतात. खाण्यात मिसळलं तर येत नाहीत, आणि मग मोजायचं एकक पिंजरा होतं, उंदीर नव्हे. नर आणि मादी दोन्ही घ्या, वेगवेगळे मांडा. एकत्र सरासरी काढलीत तर विचलन फुगेल.

---

नवी_रोहिणी

खूप आभार, आराखडा जवळजवळ नव्यानेच लिहावा लागणार. औषध नळीने देऊ, आरंभबिंदूचा गट ठेवू. दोन शंका. सशाचा टप्पा आता हवा का? आणि डुकरांबद्दल कोणी लिहील का?

---

ससेहोलपट

१९१३ साली अनिच्कोव्हने सशांना कोलेस्टेरॉल चारून प्लाक आणलं, तिथून हा सगळा उद्योग सुरू झाला. उंदीर-घुशीत (घूस म्हणजे प्रयोगशाळेतला रॅट) तेव्हा जमलं नसतं. साधा उंदीर आणि घूस दोघंही कोलेस्टेरॉलला दाद देत नाहीत. सशात सीईटीपी असतं, एलडीएलसारखे कण जास्त असतात, धमनी एवढी मोठी की माणसाचा छोटा स्टेंट बसतो. तेव्हा ससा निकामी नाही, तुमचा १ टक्का निकामी आहे.

१ टक्क्यावर रक्तातलं कोलेस्टेरॉल हजाराच्या कितीतरी वर जातं, यकृत चरबीने भरतं, कावीळ होते, काही ससे मधेच दगावतात. प्लाकही नुसतं फेसाळ पेशींचं, माणसाच्या मुरलेल्या प्लाकशी त्याचं नातं थोडंच. ०.२ ते ०.३ टक्के ठेवा आणि वेळ जास्त द्या. तीन किलोच्या न्यूझीलंड पांढऱ्या सशाला रोज मोजून १०० ग्रॅम, म्हणजे ०.३ टक्क्याने ३०० मिग्रॅ कोलेस्टेरॉल. पुढ्यात ढीग ठेवलात तर प्रत्येकाची मात्रा वेगळी होते. कोलेस्टेरॉल आधी तेलात विरघळवून गोळ्यांवर सारखं चढवा, नुसती पूड भुरभुरली तर ती वाडग्याच्या तळाशी सापडते. बनवलेलं खाणं थंड आणि अंधारात ठेवा, जुनं झालं की तेल खवट होतं आणि ऑक्सिडीकरण झालेलं कोलेस्टेरॉल स्वतःच धमनीला इजा करतं.

ठरावीक जागी ठरावीक प्लाक हवं तर इलियाक (पायाकडे जाणाऱ्या) धमनीतला आतला थर ३ फ्रेंचच्या फोगार्टी बलूनने खरवडा, मग काही आठवडे डाएट, मग त्या जागी स्टेंट. सशाच्या धमनीला हात लावला की ती आकसते. लिडोकेनचे थेंब बाहेरून टाका आणि दोन मिनिटं थांबा, घाईने नळी ढकललीत तर अस्तर सोलून निघतं.

डाएट बंद केल्यावर सशाचं कोलेस्टेरॉल आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. 'डाएट बंद, औषध सुरू' अशा आराखड्यात हे लक्षात घ्या. जन्मतःच एलडीएल रिसेप्टर सदोष असलेला वातानाबे ससाही आहे, त्याला डाएटच लागत नाही. पण तो महाग आणि दुर्मिळ.

तुमच्या रेणूसाठी मी म्हणेन: आधी तो सशाच्या सीसीआर२ ला चिकटतो का ते पाहा. चिकटत नसेल तर हा टप्पा गाळा. केवळ 'दोन प्राण्यांत दाखवलं' म्हणायला ससे मारू नका. कमी प्राणी, कमी वेदना, शक्य तिथे पर्याय हे तत्त्व १९५९ पासून मांडलेलं आहे. प्राणिप्रयोगांच्या समितीपुढे प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र कारण द्यावं लागतं आणि ते बरोबरच आहे.

---

कॅथलॅबची_खिडकी

डुकरांचं मी लिहितो. पहिली गोष्ट, निरोगी डुकराच्या हृदयधमनीत लावलेला स्टेंट हा मुख्यतः सुरक्षिततेचा प्रयोग आहे. प्लाक नाही, म्हातारपण नाही, मधुमेह नाही. धमनी ताणून इजा केली जाते आणि ती कशी भरते ते बघितलं जातं.

नेहमीचं शेतातलं डुक्कर २८ दिवसांपर्यंत ठीक. त्यापुढे ते इतकं झपाट्याने वाढतं की धमनी मोठी होते आणि मोजमाप निरर्थक. ९० किंवा १८० दिवस हवेत तर युकाटन किंवा गोटिंगेन मिनीपिग. आणि ते हवेतच. सिरोलिमसच्या (पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या) स्टेंटने डुकरात २८ दिवसांना धमनीत आतून वाढणारा नवा थर चांगला रोखला, पण ९० आणि १८० दिवसांना साध्या स्टेंटशी फरक उरला नाही. माणसांत मात्र फायदा टिकला. म्हणजे डुक्कर नेहमी फाजील आशाच दाखवतं असं नाही, उलटही फसवतं. फाजील आशेचं उदाहरण घुशीचं आहे. बलूनने खरवडलेल्या कॅरोटिडमध्ये (मानेतल्या धमनीत) सिलाझाप्रिल या रक्तदाबाच्या औषधाने नवा थर जोरदार रोखला, १९८९ सालची गोष्ट. पुढे माणसांत दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि दोन्हींत काही हाती लागलं नाही. घुशीच्या कॅरोटिडमध्ये आतल्या थरात स्नायुपेशी जवळजवळ नसतातच, इजा झाल्यावर सगळा माल मधल्या थरातून येतो. शिवाय घुशीला दिलेली मात्रा माणसाला दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट होती.

करायचं कसं. भूल देण्याआधी कळपाची हॅलोथेन जनुकासाठी तपासणी झालेली हवी, नाहीतर आयसोफ्लुरेनवर अंगाचा ताप चढत चढत जनावर टेबलावरच जातं. त्यावरचं औषध डँट्रोलीन जवळ ठेवा. ॲस्पिरिन ३२५ मिग्रॅ आणि क्लोपिडोग्रेल आधी ३०० मग रोज ७५. हेपारिन देऊन एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) २५० सेकंदांच्या वर. नळी आत गेली की आधी धमनीत नायट्रोग्लिसरिन २०० मायक्रोग्रॅम. आकसलेल्या धमनीचं माप घेऊन स्टेंट निवडलात तर तो नंतर सैल पडतो.

स्टेंट आणि धमनी यांचं प्रमाण १.१ ला १, फार तर १.२. हे सगळ्यात महत्त्वाचं. स्टेंटच्या तारा भिंतीत किती खोल रुतल्या यावरच नव्या थराची जाडी मुख्यतः ठरते. त्यासाठी इजेचा गुणांक आहे: आतलं लवचिक पटल शाबूत तर ०, ते फाटलं तर १, मधला थर फाटला तर २, बाहेरचं लवचिक पटल फाटलं तर ३. प्रत्येक तारेला गुण द्या, सरासरी काढा, आणि जाडीची तुलना इजा जमेस धरूनच करा. एका गटात हलक्या हाताने फुगवलं आणि दुसऱ्यात जोरात, एवढ्यानेही 'औषधाचा परिणाम' तयार होतो. बलून फुगवणाऱ्याला स्टेंट कोणता ते माहीत नसावं.

बलून २०-३० सेकंदांपेक्षा जास्त फुगवून ठेवू नका. डुकराच्या हृदयात आडवाटेच्या वाहिन्या फारशा नसतात, धमनी बंद झाली की ठोके लगेच बिघडतात. अमिओडॅरोन आधीच चालू असावं, डिफिब्रिलेटरचे पॅडल चिकटवलेलेच असावेत. कपाटातला यंत्रसाठा तेव्हा कामाचा नाही.

काढताना १०० मिमी दाबाखाली फॉर्मलिन. मग मिथाइल मेथाक्रिलेटमध्ये बसवून टंगस्टन कार्बाइडच्या पात्याने किंवा हिऱ्याच्या करवतीने काप. मेणात बसवून, तारा उपटून काप घेणारे अजून सापडतात. तारेबरोबर नवा थरही निघून येतो आणि मग मोजता काय? सुरुवात, मधला, शेवट असे तीन काप. तुलनेला साधा स्टेंट, नुसता लेप असलेला औषधाविना स्टेंट, आणि औषधाचा स्टेंट, तिन्ही हवेत. मधला गट गाळला तर लेपाने केलेला दाह औषधाच्या माथी येतो. तिन्ही धमन्यांत तीन वेगळे स्टेंट लावता येतात, पण मग त्या तीन नोंदी स्वतंत्र धरू नका, जनावर एकच आहे.

---

पायवाट

या धाग्याला थोडा फाटा. पायाच्या धमनीरोगासाठी उंदराची फेमोरल (मांडीतली) धमनी बांधून काम होतं का?

---

उंदीरघर

होतं, पण वंश सांगितल्याशिवाय त्या निकालाला अर्थ नाही. सी५७ काळ्या उंदरात आडवाटेच्या वाहिन्या जन्मतःच भरपूर, दोन-तीन आठवड्यांत रक्तप्रवाह बराचसा परततो. बाल्ब-सी मध्ये त्या विरळ, बोटं काळी पडतात. तरणाबांड काळा उंदीर आणि अचानक बांधलेली धमनी, यात जवळपास काहीही दिलं तरी बरं दिसतं. दुसरीकडे माणसांतल्या टॅमॅरिस चाचणीत (२०११, ५२५ रुग्ण) एफजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाच्या उपचाराने पाय कापणं किंवा मृत्यू टळला नाही. निदान बाल्ब-सी घ्या, वय वाढवा, डाएट किंवा मधुमेह जोडा. रक्तप्रवाह मोजणाऱ्या लेझर डॉप्लरसाठी केस आदल्या दिवशी काढा, अंग ३७ अंशांवर ठेवा, आणि आयसोफ्लुरेनचं प्रमाण सगळ्यांना एकच, कारण त्यानेच रक्तवाहिन्या पसरतात. आकडा द्यायचा तो बांधलेल्या पायाचा भागिले दुसऱ्या पायाचा.

---

नवी_रोहिणी

कॅथलॅबची_खिडकी, एक शेवटचं. आमचा रेणू पाण्यात चांगला विरघळतो. लेपातून ३० दिवस हळूहळू सुटेल अशी रचना करायची आहे. डुकरात आधी काय बघावं?

---

कॅथलॅबची_खिडकी

आधी लेपच हवा का ते बघा. सिरोलिमस आणि पॅक्लिटॅक्सेल चरबीत मुरणारे आहेत म्हणून भिंतीत टिकतात. पाण्यात विरघळणारा रेणू लेपातून सुटला की भिंतीत न थांबता रक्तात वाहून जातो. दुसरं म्हणजे तुमचं लक्ष्य भिंतीत नाहीच, ते रक्तातल्या मोनोसाइटवर आहे, आणि भरती जोरात होते ती पहिल्या काही दिवसांत. तिसाव्या दिवशी सुटणारं औषध कोणासाठी?

२००२ साली माकडांत सीसीआर२ विरुद्धच्या प्रतिपिंडाने स्टेंटनंतरचा नवा थर कमी झाला होता. प्रतिपिंड शिरेतून दिलं होतं, लेप नव्हता. त्याच कामात नुसत्या बलूनच्या इजेनंतर मात्र सीसीआर२ अडवून फरक पडला नाही. म्हणजे तुमच्या रेणूसाठी बलूनची इजा हे मॉडेलच चुकीचं आणि स्टेंटचं बरोबर.

तेव्हा डुकराच्या सीसीआर२ ला रेणू चिकटतो का ते तपासा. चिकटला तर साधा स्टेंट लावा आणि औषध तोंडाने द्या, स्टेंटच्या तीन दिवस आधीपासून १४ दिवस पुढे. सातव्या दिवशी दोन जनावरं थांबवून तारांभोवतीचे मॅक्रोफेज मोजा, बाकीची २८ दिवसांना. सातव्या दिवशीच्या कापात मॅक्रोफेज कमी दिसले नाहीत तर २८ दिवसांची वाट बघायचं कारण नाही, आणि लेपाचा खर्चही वाचला.